जिभेवरचा आरोप

जिभेला वेसण घातली की बाकीची इंद्रिये आपोआप वठणीवर येतात, हे आपल्याकडे कीर्तनात, शाळेत, आश्रमात आणि आता आहारावरच्या व्याख्यानांतही इतक्या वेळा सांगून झाले आहे की ते खरे आहे का, हे विचारण्याची सवयच मोडली. चवीने जेवणारा तो भोगी, आणि भोगी माणूस आज ना उद्या घसरणारच, असा हा सरळ हिशेब. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणून तो टिकला. जेवणाचे सुख आणि देहाचे सुख यांचे नाते आहेच. पण त्या नात्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कुणी कधी विचारले नव्हते.

हा विचार सर्वांत प्रामाणिकपणे मांडला तो गांधीजींनी. म्हणून वाद घालायचा तर त्यांच्याशीच घालावा. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी त्यांनी आश्रमवासीयांना जी पत्रे लिहिली, त्यांत सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य यांच्या पंगतीला अस्वाद हे स्वतंत्र व्रत बसवले आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, शरीराला लागेल तेवढेच. चव यावी म्हणून वर मीठ घालणे हादेखील व्रतभंग. आत्मकथेत ब्रह्मचर्याच्या साधनेत जिभेचा संयम त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवला. 1912 मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर कालेनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले, त्यामागे दुधाने विकार चाळवतात ही खात्री होती. पुढे मोठ्या दुखण्यात शेळीचे दूध घ्यावे लागले, याची बोच त्यांना कायम राहिली. 1927 मध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात प्रकृती कोलमडल्यावर ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर विश्रांतीला आले, तेव्हा ही आत्मकथा क्रमशः छापून येतच होती.

त्याच संस्थानाच्या राजधानीत, 1891 मध्ये उभ्या राहिलेल्या ओरिएंटल लायब्ररीत, नेमकी उलट साक्ष देणारी पुस्तके एकामागून एक उजेडात येत होती. 1905 मध्ये तंजावरकडच्या एका पंडिताने आणून दिलेल्या ताडपत्रांतून रुद्रपट्टण शामाशास्त्री यांना कौटिल्याचे अर्थशास्त्र सापडले. 1909 मध्ये ते म्हैसूरहून छापले गेले. हेर, दंड आणि खजिना यांचा हा रोकडा ग्रंथ. त्यात पहिल्याच अधिकरणात राजाच्या इंद्रियजयाचा विचार येतो. वासनेपायी बुडालेल्या राजांची यादी कौटिल्य देतो, आणि लगेच सांगतो की धर्म आणि अर्थ यांना धक्का न लावता सुख घ्यावे, सुखावाचून राहू नये. इंद्रियांवर ताबा ठेवायला सांगणारा हाच माणूस सुखाला दार बंद करत नाही. या दोन गोष्टी एकाच प्रकरणात शेजारी नांदतात.

1926 मध्ये शामाशास्त्र्यांनीच अभिलषितार्थचिंतामणीचा पहिला भाग काढला. मराठी वाचक हा ग्रंथ मानसोल्लास या नावाने ओळखतो. बडोद्याच्या गायकवाड मालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, काळ 1129 च्या आसपासचा. त्याचे राज्य आजच्या कर्नाटक-महाराष्ट्रावर पसरलेले होते, आणि कांडणाऱ्या मराठी बायकांच्या ओव्यांची नोंदही याच ग्रंथात आहे. सोमेश्वर राजाचे वीस उपभोग मोजतो. घर, स्नान, विडा, उटी, वस्त्रे, फुले, दागिने; पुढे अन्न, पाणी, शय्या, धूप; आणि शेवटी स्त्री. अन्नभोगात उडदाची इडली आहे, वडे आहेत, डोसा आहे, मांडे आहेत, मासे आहेत, शेताकडेला धरलेले उंदीर भाजण्याची रीतही आहे. पाण्याला फुलांचा आणि कापराचा वास कसा लावावा, हे तो पाणीवाल्याला समजावून सांगावे इतक्या बारकाईने लिहितो. ताट आणि शेज एकाच यादीत येतात, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे: वीस उपभोगांत एकातून दुसरा निघत नाही. अन्नभोग म्हणजे स्त्रीभोगाचा उंबरठा, असे सोमेश्वर कुठेही मानत नाही. प्रत्येक सुखाला त्याचे आपले प्रकरण आहे, आपले नियम आहेत, आपला कस आहे.

हा राजेलोकांचा मामला, असे कुणी म्हणेल. मग वात्स्यायनाकडे वळू. कामसूत्राच्या सुरुवातीलाच तो आक्षेपकांना उत्तरे देतो, आणि ज्यांना हे पुस्तक केवळ आसनांचे वाटते त्यांनी ते पान जरूर वाचावे. काम हा देहाच्या स्थितीसाठी आहाराइतकाच लागतो, त्याच जातीचा आहे, असे तो म्हणतो. त्यातले दोष ओळखावेत, सावध राहावे. पण दारात भिकारी येतील म्हणून कुणी चुलीवर भांडे चढवायचे थांबत नाही, आणि हरणे खातील म्हणून पेरणी सोडत नाही. म्हणजे अन्न आणि काम यांच्या नात्याचा दाखला आपल्या परंपरेत आहेच. फक्त तो उलट्या दिशेने दिलेला आहे: अन्नाची गरज कुणी नाकारत नाही, म्हणून कामाचीही नाकारू नये. नंतरच्या उपदेशकांनी हाच दाखला फिरवून वापरला. कामाची भीती वाटते, म्हणून अन्नाचीही वाटावी.

उपनिषदांत तैत्तिरीय घ्या. तिथे भृगू ब्रह्माचा शोध घेताना पहिल्या पायरीवर अन्नाशी पोचतो आणि शेवटच्या पायरीवर आनंदाशी. अन्नाची निंदा करू नये, हे तिथे व्रत म्हणून सांगितले आहे. अस्वादाच्या व्रतापेक्षा हे व्रत कितीतरी जुने आहे.

आता गोकुळमकडे या. म्हैसूरचा हा भाग आज जगभरच्या योगविद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो, आणि त्यांच्यासाठी चालणाऱ्या खाणावळींत 'सात्त्विक' हा शब्द भाजीपेक्षा जास्त खपतो. सात्त्विक म्हणजे कांदा-लसूण नाही, फोडणी नाही, मीठ कमी, चव बेतास बात, असा समज तिथून पुण्या-मुंबईपर्यंत पसरला आहे. ज्या गीतेच्या नावावर हा समज चालतो, तिच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक अन्न रसाळ आहे, स्निग्ध आहे, मनाला आवडणारे आहे, प्रीती वाढवणारे आहे. हठयोगप्रदीपिकेतला मिताहारही गोड आणि तुपाने ओलावलेला आहे. अट एवढीच की पोटाचा चौथा भाग रिकामा राहावा. तिथे तिखट-आंबट वर्ज्य आहे हे खरे, आणि तेही सांगायला हवे. पण बेचव अन्नाला पुण्य चिकटवण्याचे काम या दोन्ही ग्रंथांनी केलेले नाही.

कांद्याने वासना भडकते म्हणून तो काढायचा आणि त्या जागी बासुंदी, शिरा, तुपातली पुरी वाढायची, ही पद्धत तर शास्त्रालाही धरून नाही. चरकसंहितेत वाजीकरणाचे प्रकरण आहे. कामशक्ती वाढवणारे म्हणून तिथे वारंवार काय येते? दूध, तूप, साखर आणि उडीद. गांधीजींना हे दिसले होते आणि त्यांनी दूधच सोडले. त्यांचा तर्क त्यांनी शेवटपर्यंत नेला, म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटतो. त्यांच्या नावावर आज सात्त्विक थाळी विकणाऱ्यांनी मात्र तर्क अर्ध्या वाटेवर सोडून फक्त उपदेश उचलला. आणि उडीद खरोखरच माणसाला बहकवत असता, तर रोज सकाळी इडली-डोशावर दिवस सुरू करणाऱ्या दक्षिणेच्या निम्म्या संसारांत त्याचा परिणाम केव्हाच दिसला असता.

म्हैसूरच्या राजवाड्याकडेच पाहू. नाल्वडी कृष्णराज वडियार हे गांधीजींनी राजर्षी म्हणून गौरवलेले राजे. धर्मशील, शिस्तीचे, कारभारात चोख. 1933 पासून तिरुमलै कृष्णमाचार्यांची योगशाळा त्यांच्याच आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात चालली, आणि आज गोकुळममध्ये जे शिकवले जाते त्याचे मूळ तिथेच आहे. त्याच राजाच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा नावाच्या आचाऱ्याने म्हैसूरपाक पहिल्यांदा केला, असे त्याच्या वंशजांच्या घरात सांगत आले आहेत. देवराज मार्केटला लागून त्यांचे गुरू स्वीट मार्ट आजही चालते. योगशाळेसाठी एका हाताने पैसे देणारा राजा दुसऱ्या हाताने तुपात न्हालेली वडी उचलत होता, आणि त्याच्या ऋषित्वाला त्याने बाधा आली असे खुद्द अस्वादव्रती महात्म्यालाही वाटले नाही.

हा म्हैसूरपाक होताना एकदा जवळ उभे राहून पाहावा. कढईत साखरेचा पाक तारेवर येतो, त्यात चाळलेले बेसन थोडे थोडे पडते, आणि शेजारच्या शेगडीवर तूप कडकडीत तापत असते. तुपाची पळी बेसनावर पडली की चरचर आवाज करत ते फुगते, पुन्हा बसते. पुन्हा पळी, पुन्हा फेस. आचाऱ्याचा हात थांबत नाही. कच्चट वास जाऊन खमंग वास यायला लागतो, जाळी सुटते, कढईच्या कडेला तूप दिसू लागते, आणि त्याच घटकेला सगळे परातीत ओतावे लागते. आधी ओतले तर चिकट, उशिरा ओतले तर भुगा. वडी कापली की कडा फिकट पिवळ्या आणि मधला थर तांबूस निघतो, कारण परातीच्या मध्यभागी उष्णता कोंडून राहते आणि तिथले बेसन ओतल्यानंतरही भाजत असते. हे सगळे डोळे, नाक, कान आणि हात मिळून करतात. इंद्रिये सैल सोडली तर म्हैसूरपाक होत नाही. ती शिकवलेली, तल्लख, एका क्षणावर खिळलेली असावी लागतात. अशा माणसाला असंयमी म्हणायचे असेल तर संयम कशाला म्हणायचे?

याच मुलखात, म्हैसूरजवळच्या कल्लहळ्ळीचा मंगरस नावाचा जैन अधिपती होऊन गेला. 1508 च्या सुमारास त्याने कन्नडमध्ये सूपशास्त्र लिहिले, तेही छंदोबद्ध. आहारावर जैनांइतके निर्बंध दुसऱ्या कुणी घातलेले नाहीत. त्या चौकटीत राहून हा गृहस्थ वांगी, फणस, केळी यांचे प्रकार कवितेत सांगतो. निर्बंध आणि चव यांचे वैर त्याच्या लेखी नव्हते. आपल्याकडेही आषाढातली कांदेनवमी आहेच. चातुर्मासात कांदा सोडायचा, पण सोडण्याआधी भजी, थालीपीठ, झुणका करून त्याला मनसोक्त निरोप द्यायचा. व्रत पाळणाऱ्या घरांनीच हा सण चालवला आहे.

विज्ञानाचा कौल काय? दोन्ही सुखांचे नाते मेंदूत दिसते, यात शंका नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले की हवेसे वाटणे आणि गोड लागणे या मेंदूतल्या वेगळ्या प्रक्रिया आहेत. डोपामिन काढून घेतलेल्या उंदरालाही साखर गोडच लागते, तो फक्त तिच्यामागे धावत नाही. वखवख आणि आस्वाद यांची फारकत इथे प्रयोगशाळेत दिसते. सुखाचे हे मार्ग अन्न, शृंगार यांच्याइतकेच संगीतानेही जागे होतात, आणि भैरवी ऐकताना अंगावर काटा आला म्हणून कुणी गाणे सोडायला सांगत नाही.

दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीझ यांनी 36 तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांची कामेच्छा ओसरली, हे खरे. अस्वादाच्या बाजूने कुणाला हा पुरावा द्यायचा असेल तर तो पुढचाही भाग त्याने सांगावा. त्या तरुणांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटावर तासन्‌तास रेंगाळू लागले, खिन्न आणि चिडखोर झाले. उपासमारीने वासना गेली, पण शांती आली नाही. आणि इथे कमी केली होती ती अन्नाची मात्रा. चव काढून घेतल्याने वासना शमते, हे तर यातून मुळीच सिद्ध होत नाही.

आर. के. नारायण यांनी हे सगळे म्हैसूरला बसून ओळखले होते. 1967 च्या त्यांच्या 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' या कादंबरीतला जगन मिठाई विकतो, गांधीजींचा अनुयायी आहे, मीठ-साखर सोडून बसला आहे आणि जीभ जिंकण्याचा उपदेश करतो. त्याने जीभ जिंकली असेलही. मुलाशी मात्र त्याला धड बोलता येत नाही, आणि कादंबरीच्या उत्तरार्धात त्याचे मन पुन्हा पुन्हा लग्नाच्या, तरुणपणीच्या बायकोच्या आठवणींकडे ओढ घेते.

या वादाचे खरे मर्म मात्र पोथ्यांत नाही, आपल्या माजघरात आहे. अस्वाद हे व्रत गांधीजींनी स्वतःच्या इच्छेने घेतले. आपल्याकडे तेच व्रत लाखो बायकांवर त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी लादले गेले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विधवेने फुले, मुळे, फळे खाऊन देह झिजवावा असे सांगितले आहे. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रचेतसाचे वचन नोंदवले आहे: यती, ब्रह्मचारी आणि विधवा यांनी विडा, अभ्यंग आणि काशाच्या ताटातले जेवण टाळावे. यती आणि ब्रह्मचारी आपण होऊन त्या वाटेला जातात. विधवेला ढकलले जाते. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत याचे रूप सर्वांनी पाहिलेले आहे: लाल आलवण, एकवेळचे जेवण, कांदा-लसूण बंद, मसूर बंद, विडा बंद. सणासुदीला पुरणपोळ्या तिनेच लाटायच्या. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे: चमचमीत खाल्ले की मन चळते. बायको गेलेल्या पुरुषाच्या ताटातून कुणी कधी कांदा उचलला नाही. त्याचे मन चळण्याची सोय म्हणून वर्षभरात दुसरे लग्न लावून दिले जाई. जिभेचा आणि वासनेचा हा सिद्धांत नैसर्गिक नियम असता, तर तो दोघांना सारखाच लागू झाला असता.

आनंदाची ही भीती सुधारकांनाही सोडत नव्हती. तंजावरच्या मराठा राजांचा दरबार एकीकडे खाण्यापिण्याचा रसिक होता. सतराव्या शतकातल्या रघुनाथसूरीचे भोजनकुतूहल त्याच घराण्याशी जोडलेले आहे, आणि सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याचे शरभेंद्र पाकशास्त्र मराठीतच आहे. त्याच दरबारात, प्रतापसिंहांच्या काळात, मुद्दुपळणी या गणिकेने तेलुगूत राधिकासांत्वनमु हे शृंगारकाव्य लिहिले. 1910 मध्ये ते पुन्हा छापून आणले नंजनगूडला जन्मलेल्या, म्हैसूर दरबारात गायलेल्या बंगळूर नागरत्नम्मा यांनी. 1911 मध्ये सरकारने ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. या काव्याला आणि कवयित्रीला निर्लज्ज ठरवणाऱ्यांत कंदुकूरि वीरेशलिंगम होते, आंध्रात विधवाविवाहाची चळवळ उभी करणारे. विधवेला पुन्हा संसार मिळावा म्हणून झटणाऱ्या या मोठ्या माणसाला स्त्रीने सुखाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलणे मात्र सोसले नाही. नागरत्नम्मांनी त्यांना निर्भीड उत्तर दिले. हा शृंगार पुरुष कवींनी लिहिला तेव्हा तुम्हाला चालला, हा त्यांचा सवाल होता.

गांधीजींच्या एका मुद्द्यापुढे मात्र मान तुकवलीच पाहिजे. ज्या देशात कोट्यवधी लोक उपाशी आहेत तिथे जिभेचे चोचले पुरवणे ही चोरी आहे, हा त्यांचा विचार. तो न्यायाचा विचार आहे आणि त्याला उत्तर नाही. पण त्याचा ब्रह्मचर्याशी काही संबंध नाही. उपाशी माणसाला भाकरी मिळावी, आणि तिच्यासोबत चटणीही मिळावी, यासाठी चवीला पाप ठरवण्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या टोकाला उभे राहून हाच घोळ घालणारेही आहेत. शक्तिवर्धक म्हणून खारका, डिंक, केशर आणि चॉकलेट विकणारे, रस्त्याकडेला तंबू ठोकून पुड्या देणारे आणि गुळगुळीत मासिकांत तीच गोष्ट सुंदर छायाचित्रांसह सांगणारे. त्यांच्या लेखीही अन्नाला स्वतःची किंमत नाही. ते दुसऱ्या सुखाचे नुसते साधन. चवीला शत्रू समजणारे आणि तिला दलाल बनवणारे एकाच चुकीवर उभे आहेत.

खरे नाते आपल्या लग्नघरांनी ओळखले होते. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर नवरा-नवरी नाव घेऊन एकमेकांना घास भरवतात. विडा तोडायचा तेव्हा एकाने पान दातांत धरायचे आणि दुसऱ्याने त्याचे दुसरे टोक दातांनी तोडायचे. चेहरे इतके जवळ येतात की दोघेही लाजतात, आणि आजीपासून करवलीपर्यंत सगळ्या हसतात. इथे खाणे आणि शृंगार एका क्षणात एकत्र आलेले असतात. त्यात वखवख नाही. एकाने द्यायचे, दुसऱ्याने विश्वासाने घ्यायचे, एवढेच त्यात आहे. देवराज मार्केटमध्ये म्हैसूरची कोवळी पाने, म्हैसूरची मोगऱ्याच्या जातीची मल्लिगे आणि नंजनगूडची रसबाळे केळी विकायला येतात. या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पान, फूल आणि फळ. शास्त्राने आणि रूढीने विधवेच्या हातून पहिल्यांदा काढून घेतलेल्या गोष्टींत यातल्या दोन आहेत.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे परिपत्रक काढले. कपाळ आणि मनगट यांच्यावरचा अन्याय असा कागदावर तरी आला. ताटाचे काम घराघरांत उरले आहे. हळदीकुंकवाला तिला बोलावून पहिला विडा तिच्या हातात द्यायचा, पंगतीत तिला बरोबरीने बसवून तिखट भाजी आणि दुसरी पोळी आग्रहाने वाढायची, आणि ती चवीने जेवत असताना कुणी भुवई उंचावली तर त्याला तिथेच विचारायचे, की तुमच्या ताटाबद्दल कुणी असा हिशेब कधी मागितला होता का?